पाण्याचा फिल्टर आणि त्यावरची कल्हई



आपल्या बिदर-कलबुर्गी भागात पाहुणा घरी आला की पाण्याचा तांब्या पुढे करताना हल्ली एक वाक्य हमखास जोडले जाते, "फिल्टरचं आहे हो, निर्धास्त प्या." शहरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर आर. ओ. चे यंत्र असते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या खेड्यांत कानडीत 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक' असा फलक लावलेली खोली असते. तिथे नाणे टाकले की जार भरून मिळतो. दोन्ही ठिकाणी खरे काम करते ती आतली मेम्ब्रेन, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा एक पातळ पापुद्रा.

मग एक प्रश्न नेहमी येतो. तीच कंपनी, तेच मॉडेल, तरी एका घरी मेम्ब्रेन तीन वर्षे टिकते आणि दुसऱ्या घरी आठ महिन्यांत बदलावी लागते, असे का? आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, उभी हयात बँकेत लेजर आणि ताळेबंद पाहण्यात गेली. तरीही निवृत्तीनंतर या विषयाच्या मागे लागलो, वाचले, जाणकारांना विचारले. जे समजले ते आपल्या घरगुती भाषेत मांडत आहोत. उत्तर थोडक्यात असे, की मेम्ब्रेनचे नशीब तिच्या पृष्ठभागावर ठरते. त्या पृष्ठभागावर मुद्दाम केलेले संस्कार हे आज मोठे शास्त्र झाले आहे.

विषय एवढा महत्त्वाचा का?

आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराईड आणि नायट्रेट मर्यादेबाहेर असते. दोन्हींना ना रंग, ना वास. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराईड वर्षानुवर्षे जास्त गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात भुकटीचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊन बाळ निळे पडू शकते. पाणी उकळून यातले काहीच जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने प्रमाण थोडे वाढतेच.

आता मेम्ब्रेन खराब झाली तर काय होते पाहा. यंत्र चालूच राहते, हिरवा दिवा लागतो, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. फक्त आतले फ्लोराईड अडत नाही. घरातली मंडळी मात्र फिल्टरचे पाणी म्हणून निर्धास्त पीत राहतात. म्हणून हा विषय केवळ यंत्र दुरुस्त करणाऱ्यावर सोडून चालणार नाही.

मेम्ब्रेन म्हणजे नेमके काय

आर. ओ. च्या मेम्ब्रेनचे तीन थर असतात. सर्वांत खाली पॉलिएस्टरचे कापड, ते आधारासाठी. त्यावर पॉलिसल्फोन नावाच्या प्लॅस्टिकचा सच्छिद्र थर, सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाड. आणि सर्वांत वर पॉलिअमाईडचा पापुद्रा, ज्याची जाडी मायक्रॉनचा जेमतेम पाचवा किंवा दहावा हिस्सा. आपल्या केसाच्या जाडीचे पाचशे भाग केले तर त्यातला एक भाग, इतका तो पातळ. क्षार अडवण्याचे सगळे काम हा वरचा पापुद्राच करतो. खालचे दोन थर त्याला उचलून धरतात.

याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी सेल्युलोज अॅसिटेटची अशी मेम्ब्रेन तयार केली, की जिची वरची त्वचा अगदी पातळ आणि दाट, आणि खालचा भाग पोकळ. त्याआधीच्या मेम्ब्रेन क्षार अडवत, पण सगळ्याच जाड असल्याने पाणी थेंबथेंब येई. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावात या तंत्राने खाऱ्या पाण्याचे पिण्याचे पाणी होऊ लागले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतच जॉन कॅडॉट यांनी आजचा पॉलिअमाईडचा पापुद्रा घडवला.

तो कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. पॉलिसल्फोनचा थर आधी एका रसायनाच्या पाण्यात भिजवतात. मग त्यावर तेलासारख्या, पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात विरघळवलेले दुसरे रसायन ओततात. पाणी आणि तेल जिथे भेटतात नेमक्या त्या रेषेवर दोन्ही रसायनांचा संयोग होतो आणि काही सेकंदांत दुधावर साय धरावी तसा पापुद्रा धरतो. साय धरली की दोन्ही रसायनांची भेट थांबते, म्हणून पापुद्रा आपोआप पातळच राहतो. म्हणजे पाहा, आपल्या घरातली आर. ओ. मेम्ब्रेन ही मुळातच पृष्ठभाग बदललेली मेम्ब्रेन आहे. खालचे पॉलिसल्फोन एकटे असते तर त्याने गाळ आणि जंतू अडवले असते, विरघळलेले क्षार अडवले नसते.

पृष्ठभागाची दुखणी

पहिले दुखणे म्हणजे क्षार धरणे. सेडम, चित्तापूर, शहाबाद हा चुनखडीचा पट्टा. आपल्या घरोघरी असलेली शहाबादी फरशी ही चुनखडीच. तीच जमिनीखालच्या पाण्यात थोडीथोडी विरघळते आणि पाणी जड होते. मेम्ब्रेनमधून शुद्ध पाणी पलीकडे गेले की मागे उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पृष्ठभागावर पांढरा थर बसतो, बंबाच्या आत बसतो तसाच.

दुसरे दुखणे म्हणजे चिकटा. बहुतेक प्लॅस्टिकांना पाण्याची ओढ नसते. अळवावरचे पाणी आपण म्हणतो ना, तसे पाणी त्यांच्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहते. अशा पृष्ठभागाला तेलकट, सेंद्रिय घाण मात्र पटकन चिकटते, कारण तिथे पाण्याने जागा धरलेली नसते. घाण बसली की तिच्यावर जंतू वस्ती करतात आणि बुळबुळीत थर तयार होतो. पाण्याचा टाका दोन महिने घासला नाही तर भिंतीला हात लावून पाहा, तोच प्रकार.

तिसरे दुखणे क्लोरीनचे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन सोडतात आणि ते हवेच. पण पॉलिअमाईडच्या साखळ्या क्लोरीनने तुटतात. म्हणून तर यंत्रात मेम्ब्रेनच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो. क्लोरीन शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम.

उपाय : कल्हई, बिदरी आणि कलम

पृष्ठभाग सुधारण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण आपल्याला त्या नवख्या वाटू नयेत. त्यांची तत्त्वे आपल्या ओळखीचीच आहेत.

पहिली पद्धत लेप देण्याची, म्हणजे आपली कल्हई. तांब्या-पितळेचे भांडे तेच राहते. कल्हईवाला नवसागराने ते साफ करून वर कथलाचा हात फिरवतो आणि आंबट आमटीला तांबे लागत नाही. तसेच मेम्ब्रेनवर पाण्याची ओढ असलेल्या पॉलिमरचा अतिपातळ लेप देतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे त्यातले नेहमीचे नाव. या लेपावर पाण्याचा थर घट्ट धरून राहतो आणि घाणीला बसायला जागाच मिळत नाही. बाजारात कमी चोक होणारी म्हणून जी मेम्ब्रेन मिळते, तिच्यामागे बहुतेक वेळा असाच काही लेप असतो.

दुसरी पद्धत म्हणजे पृष्ठभागाच्याच रेणूंवर रासायनिक क्रिया करणे. इथे आम्हाला आपली बिदरी आठवते. जस्त भरपूर आणि तांबे थोडे अशा मिश्रधातूचे भांडे ओततात, चांदीची तार ठोकून नक्षी भरतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप गरम भांड्याला चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच चमकत राहते. काळेपणा वरून रंगवलेला नसतो, धातूचा वरचा थरच बदललेला असतो. मेम्ब्रेनवरही प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला वायू, किंवा सौम्य रसायन फिरवून फक्त वरच्या थराचे रेणू बदलतात. आतला आधार अबाधित राहतो. गंमत म्हणजे जे क्लोरीन मेम्ब्रेनचे शत्रू, तेच मोजून-मापून, ठराविक वेळ दिले तर पाण्याचा प्रवाह वाढवण्याच्या कामी येते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत या दिशेने काम झाले आहे. हे प्रयोगशाळेतले काम आहे, घरी कुणी करू नये.

तिसरी पद्धत कलम करण्याची. गावठी आंब्याच्या खुंटावर केशरची फांदी बांधतो, मुळे एकाची आणि फळ दुसऱ्याचे. पॉलिमरमध्येही आधी पृष्ठभागावर अतिनील किरणांनी किंवा इतर मार्गाने जोड-जागा तयार करतात आणि तिथून दुसऱ्या पॉलिमरच्या साखळ्या वाढवतात. लेप घासला जाऊ शकतो. कलम रेणूशी जोडलेले असल्याने जास्त टिकते, पण खर्चही जास्त.

चौथा मार्ग मोहनाचा. कणीक भिजवतानाच तेल घालावे, तसा मेम्ब्रेन ओततानाच पाण्याची ओढ असलेला पॉलिमर आत मिसळतात. तयार होताना त्याचा काही भाग आपसूक पृष्ठभागाकडे सरकतो.

आपल्या जवळच्या संस्थांचा उल्लेख करायलाच हवा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनच्या मेम्ब्रेनवर चालणारा घरगुती जलशुद्धी फिल्टर विकसित करून त्याचे तंत्रज्ञान उद्योजकांना दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिअॅक्रिलोनायट्रीलच्या मेम्ब्रेनवर काम केले. त्या जंतूंबरोबर विषाणूही अडवतात. या दोन्ही प्रकारांना अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. गढूळ किंवा दूषित पाण्यासाठी त्या उत्तम, शिवाय पाणीही फारसे वाया जात नाही. मात्र विरघळलेले फ्लोराईड आणि नायट्रेट त्यांच्यातून आरपार जाते, हे पक्के लक्षात ठेवावे.

फ्लोराईड आर. ओ. मध्ये अडते, त्यातही पृष्ठभागाचा हात आहे. नेहमीच्या पाण्यात पॉलिअमाईडच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. फ्लोराईडचाही भार ऋणच. सारखे भार एकमेकांना ढकलतात. पापुद्र्याची बारीक वीण आणि हा भार असे दोन्ही मिळून ते अडवतात. नायट्रेट तुलनेने थोडे जास्त निसटते. म्हणून ज्या गावात नायट्रेट खूप आहे, तिथे फिल्टरमधून आलेले पाणीही तपासून घ्यावे.

रक्ताला स्पर्श करणारी मेम्ब्रेन

आपल्या ओळखीपाळखीत डायलिसिसवर असलेला एखादा तरी रुग्ण असतोच. त्या यंत्रातली लांबट नळी, म्हणजे डायलायझर, हीसुद्धा मेम्ब्रेनच. आत केसासारख्या पोकळ हजारो तंतूंचा जुडगा असतो. आतून रक्त वाहते, बाहेरून औषधी द्रव. हे तंतू बहुधा पॉलिसल्फोनच्याच कुळातले असतात. नुसते पॉलिसल्फोन रक्ताला लागले तर रक्तातली प्रथिने त्याला चिकटतात आणि रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. म्हणून त्यात पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन नावाचा पाण्याची ओढ असलेला पॉलिमर मिसळतात. हेच ते मोहन. रक्त गोठू नये म्हणून बहुधा औषध द्यावे लागतेच, पण पृष्ठभाग सौम्य असल्याने रक्ताला त्याचा त्रास कमी होतो.

याच ठिकाणी आर. ओ. सुद्धा लागते. एका वेळच्या, म्हणजे साधारण चार तासांच्या डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास द्रव लागतो आणि तो आर. ओ. च्या पाण्यात बनतो. निरोगी माणूस आठवड्याला वीस लिटरच्या आसपास पाणी पितो आणि ते पोटातून गाळून रक्तात जाते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तासमोर आठवड्याला अडीचशे-साडेतीनशे लिटर पाणी येते, मध्ये फक्त एक पातळ भिंत. तिथे मेम्ब्रेनची निगा राखणे हा जिवाचा प्रश्न आहे.

फुकट काहीच नाही

बँकेत आम्ही शिकलो, की प्रत्येक जमेसमोर कुठेतरी नावे असतेच. इथेही तसेच. लेप दिला की पाण्याच्या वाटेत एक थर वाढतो आणि सुरुवातीचा प्रवाह थोडा घटतो. लेप जाड झाला तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. धुण्याच्या रसायनांनी तो झिजतो. आणि कितीही चांगला पृष्ठभाग केला तरी चिकटा उशिरा बसतो, कायमचा टळत नाही. म्हणून विक्रेता कोणत्याही लेपाचे कौतुक करू लागला तर दोनच गोष्टी विचाराव्यात. आपल्या पाण्याच्या तपासणी अहवालावर ही मेम्ब्रेन निवडली का? आणि किती महिन्यांची लेखी हमी?

पाण्याचाही हिशेब आहे. घरगुती आर. ओ. मध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते लातूर आपल्या शेजारचेच. ते दिवस आपण पाहिले आहेत. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जिथे पाण्यातील एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आर. ओ. नको, अशी भूमिका घेतली ती याच कारणाने. गोडे पाणी असेल तर अल्ट्राफिल्ट्रेशन पुरते. अडचण केवळ फ्लोराईडचीच असेल तर अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर, किंवा नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत, हेही पर्याय आहेत.

घरी काय पाहावे

टी. डी. एस. मीटर एकूण क्षार सांगतो, फ्लोराईड वेगळे सांगत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. बोअरचे पाणी एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर तपासून अहवाल फायलीला लावावा. मीटरचा खरा उपयोग मेम्ब्रेनची तब्येत पाहण्याला. दर महिन्याला आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे वहीत लिहावेत. यंत्रात शुद्ध पाण्यात थोडे मूळ पाणी मिसळणारा टी. डी. एस. कंट्रोलर असेल तर त्याचा खिळा कुठे आहे हे मेकॅनिककडून आधी समजून घ्यावे, नाहीतर आकडा फसवतो. आणि फ्लोराईडच्या गावात अशी भेसळ बंदच ठेवलेली बरी.

पाणी हळूहळू येऊ लागले तर समजावे की क्षार किंवा चिकटा बसतो आहे. पण पाणी अचानक जोरात यायला लागले आणि बाहेरच्या पाण्याचा आकडाही चढला, तर आनंद मानू नये. मेम्ब्रेन क्लोरीनने खाल्ल्याचे किंवा फाटल्याचे ते लक्षण असते. तेव्हा मेम्ब्रेनबरोबर कार्बनचा फिल्टरही बदलावा, नाहीतर नवी मेम्ब्रेनही त्याच वाटेने जाईल.

आपल्यापैकी पुष्कळ जण मुलांकडे पुण्याला किंवा हैदराबादला महिना-दोन महिने जातात. आर. ओ. ची मेम्ब्रेन एकदा भिजली की ती कोरडी पडू देऊ नये, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ओलसर ठेवली तर साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून परतल्यावर साठवण टाकी धुऊन, पहिल्या दोन टाक्या पाणी भांडी-फरशीला वापरावे, मगच प्यावे. मुक्काम लांबणार असेल तर जाण्यापूर्वी मेकॅनिकला विचारून बंदोबस्त करावा.

गावच्या घटकाचा हिशेब

शेवटी आमच्या आवडीचा विषय. गावचे पाणी घटक बंद पडतात तेव्हा लोक यंत्राला दोष देतात. बहुतेक वेळा मेम्ब्रेन बदलायला पैसे शिल्लक नसतात, हे खरे कारण असते. मेम्ब्रेन ही झिजणारी मालमत्ता आहे, तिचा घसारा पहिल्या दिवसापासून काढायला हवा. उदाहरणादाखल, दिवसाला १०० जार जात असतील आणि जारमागे ५० पैसे वेगळ्या खात्यात टाकले, तर दिवसाला ५० रुपये आणि वर्षाला १८,२५० रुपये जमतात. आपल्या घटकाला किती लागतील हे कोटेशन मागवून ठरवावे आणि ते खाते दोघांच्या सहीने चालवावे. दारावर एक तक्ता लावावा, मेम्ब्रेन कधी बसवली, कार्बन कधी बदलला, फ्लोराईडचा शेवटचा अहवाल किती. तो तक्ता ज्यांना वाचता येतो त्यांनी इतरांना वाचून दाखवावा.

बिदरला नौबादजवळची सुरंग बावी आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. बहामनी काळात जमिनीखालून पाणी आणताना ठिकठिकाणी उभ्या विहिरी ठेवल्या होत्या. हवा-उजेडाबरोबर आत उतरून गाळ काढण्याची सोय त्यामुळे झाली. बांधतानाच देखभालीचा विचार केलेला होता. आपल्या गावच्या घटकाचे विश्वस्त किंवा ग्रामपंचायत सदस्य आपल्या ओळखीचे असतील, तर या महिन्यात त्यांना एवढेच विचारावे, की मेम्ब्रेनसाठी वेगळे खाते आहे का आणि त्यात आज किती शिल्लक आहे.